अण्णांची प्रत

“पाठ कर तिकडं आणि डोळे मीट,” भरतेश म्हणाला.

“पाठ केल्यावर डोळे कशाला मिटायचे?”

“आक्का, तू चोरून बघतीस. लहानपणापासनं बघतीस.”

मी पाठ केली आणि डोळेही मिटले. समोर भिंतीला उभी करून ठेवलेली कापसाची गादी होती, तेव्हा उघडे ठेवूनही फार काही दिसणार नव्हतं. माझ्यामागे टेबलाशी दोन माणसं बसली होती: माझा धाकटा भाऊ भरतेश आणि आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो. दोघं आठवडाभर एकमेकांशी धड बोलले नव्हते, आणि भांडण माझ्या आवाजावरून होतं.

मी पाच गाणी केली होती. चाली माझ्या, शब्दही माझेच. तोवर मी दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत दुसऱ्यांची गाणी म्हणत आले होते आणि ‘मगदुमांची त्रिशला बरी गाते हं’ एवढ्यावर खूश होते. ही पाच गाणी मात्र कुणालाही ताठ मानेनं ऐकवता येतील अशी व्हायला हवी होती. गाऊन, वाजवून, रेकॉर्ड करून झाली होती. आता त्यांच्यावरून फक्त शेवटचा हात फिरायचा होता. तो कुणाचा, यावरून घर पेटलं होतं.

घर इचलकरंजीत. तिथं घरात बसून गाणं रेकॉर्ड करायचं ही मुळातच चेष्टेची गोष्ट आहे. आमच्या तिन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने. त्यांचा खडखडाट इतका सवयीचा, की ज्या दिवशी मागांना सुट्टी असते त्या दिवशी परगावच्या पाहुण्यांना बरं वाटतं आणि आम्हालाच चुकल्यासारखं होतं. आमचं गाणं त्याच दिवशी व्हायचं. माडीवरच्या खोलीत गाद्या उभ्या करायच्या, पंखा बंद करायचा, खाली आईला भांडी घासायची नाहीत म्हणून बजावायचं, आणि ती मुद्दाम घासायची.

अण्णा स्वतः मागांतलेच. जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. उमेदीची सगळी वर्षं शेडमध्ये गेली आणि फावल्या वेळात हा माडीवरचा उद्योग. भजनी मंडळं, शाळांची स्वागतगीतं, निवडणुकीत रिक्षावरून फिरणारी गाणी, असलं सगळं त्यांनी केलेलं. निवडणुकीत तर दोन्ही बाजूंची गाणी आमच्याच माडीवर व्हायची आणि दोघांच्याही कार्यकर्त्यांना आई एकाच पातेल्यातला चहा पाजायची.

शेडमध्ये बोलून काही उपयोग नसतो, आवाजच तेवढा असतो. तिथली माणसं ओठांवरून आणि हातांनी बोलतात. दोन बोटं झटकली, की सूत तुटलं. मूठ मिटली, की थांबव. उघडा तळहात पुढे ढकलला, की माग ठीक आहे, चालू दे. लग्नानंतर काही वर्षं आईनं त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या होत्या, त्यामुळे तिलाही हे सगळं येत होतं. घरी कुणी ठाण मांडून बसलं की चहा पुन्हा टाकायचा का, हे ही दोघं त्या पाहुण्याच्या डोक्यावरून ठरवायची. अण्णांनी मूठ मिटली की त्या माणसाला दुसरा कप मिळायचा नाही.

तर भांडण. घरात बाप जुन्याला चिकटून बसतो आणि पोरगा नव्यामागे धावतो, अशी साधारण लोकांची समजूत असते. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. अण्णांकडे पूर्वी लोखंडी पेट्यांची चळत होती, नॉबवाली, काट्यावाली. लॅपटॉप आला आणि त्यांनी ती सगळी हसतमुखानं भंगारात घातली. आता त्यांचं काम प्लगिनवर चालायचं. प्लगिन म्हणजे त्या लोखंडी पेटीचं कॉम्प्युटरमधलं सोंग. स्क्रीनवर तसेच नॉब, तसाच काटा, हाताला लागायला काही नाही. शिवाय गाणं चालू झालं की स्क्रीनवर एक रंगीत रेघ वरखाली व्हायची. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. अण्णा गाजलेली गाणी लावून त्यांच्या रेघा बघत बसायचे आणि आपली रेघ तशी येईपर्यंत माउस हलवत राहायचे. कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं: “दिसतंय की सगळं!”

आणि भरतेश, वय पंचविशीचं, पुण्यात साउंडचं काम करणारा, हार्डवेअरच्या नादाला लागला होता. कोल्हापुरातलं एक जुनं रेकॉर्डिंग थिएटर बंद पडलं, तिथून तो एक इक्वलायझर घेऊन आला. आवाजातला जाडपणा आणि बारीकपणा कमीजास्त करणारं यंत्र. दोन माणसांनी माडीवर चढवलं. चालू केलं की आत काचेच्या नळ्या लालबुंद व्हायच्या आणि वरचा पत्रा चांगला तापायचा. आईनं त्याचं नाव ‘भट्टी’ ठेवलं. थंडीचे दिवस होते, दही नीट लागत नव्हतं. ती विरजण लावलेलं भांडं भट्टीवर आणून ठेवायला लागली. भरतेशनं आधी आरडाओरडा केला, मग दही खाल्लं आणि गप्प बसला.

गप्प बसला तो फक्त दह्याबाबत. माझं पहिलं गाणं अण्णांनी करून ठेवलं होतं ते ऐकून त्यानं नाक मुरडलं.

“टोचतंय,” तो म्हणाला. “अण्णा, तुमचं हल्लीचं सगळंच टोचतंय. आक्काचा प्रत्येक ‘स’ कानात सुईसारखा जातो. हे प्लगिनचं काम. कोरडं, कडक. यंत्रातनं आवाज गेला की त्याला ऊब येते.”

“ऊब दह्याला येती,” अण्णा म्हणाले. “कागदावरचा आंबा आन् झाडावरचा आंबा म्हणणार आसशील, तर आधीच सांगतो, मला ते पटत न्हाई. आतलं गणित एकच हाय.”

“मग टोचतंय का?”

“तुझ्या कानाला सवय न्हाई चोख आवाजाची.”

मग भरतेशनं मायक्रोफोनचाही विषय काढला. अण्णा तो गाणाऱ्याच्या हनुवटीखाली लावतात, जगात सगळे तोंडासमोर लावतात, असलं तंत्र कुठल्या पुस्तकात सापडलं? अण्णा म्हणाले, तोंडासमोर लावला की गाणाऱ्याचं तोंडच दिसत नाही. भरतेश म्हणाला, तोंड बघून रेकॉर्डिंग करतात का? आई मधे पडली. म्हणाली, “कुणाला सांगतोस? पाठीमागनं दहा हाका मारल्या तरी ‘ओ’ देत न्हाईत हे. मोठ्ठे साहेब झाल्यात.” त्यावरही अण्णांनी ‘ओ’ दिली नाही, तेव्हा सगळेच हसलो.

हसण्यावारी जाईल असं मला वाटलं होतं, पण अण्णा हट्टाला पेटले. त्यांनीच पैज लावली. त्रिशलाला पाठ करून बसवायचं. तिचंच एक गाणं. एकदा भरतेश भट्टीवर लावणार, एकदा अण्णा प्लगिनवर. कुणाचं कुठलं, ते तिला सांगायचं नाही.

“आन् ज्याचं टोचंल,” अण्णा म्हणाले, “त्यानं ह्या गाण्यांना हात लावायचा न्हाई. त्यानं खुर्ची सोडायची.”

मला ते आवडलं नव्हतं. भरतेशचा कान तयार होता, ते मला माहीत होतं. पण मला माझी गाणी अण्णांच्याच हातून हवी होती. फ्रॉक घालायचे तेव्हापासून मी त्यांच्यासमोर उभी राहून गात होते, आणि मी गाताना ते असे टक लावून माझ्याकडे बघायचे, की भर सभागृहात मला तसं कुणी ऐकलं नव्हतं. ‘हे माझ्या अण्णांनी केलं’ असं मला लोकांना सांगायचं होतं. पण पैज त्यांनीच लावलेली. नाही म्हटलं असतं तर मीच त्यांना हरलेलं धरते, असा अर्थ झाला असता.

म्हणून मी त्या दिवशी गादीकडे तोंड करून बसले होते.

“पहिलं,” भरतेश म्हणाला.

माझा आवाज आला. गोल, भरलेला, मला स्वतःला आवडावा असा. कडवं संपलं.

“दुसरं.”

तेच कडवं. शब्द जास्त उठून दिसत होते, पण ‘स’ आला की कानात बारीकसं काहीतरी जायचं. ‘च’लाही तसंच. मला कळलं की हे अण्णांचं. खोटं बोलावं का, असा विचार मनात येऊन गेला. पण कडवं संपायच्या आत भरतेशनं विचारलं आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

“पहिलं गोड आहे. दुसरं जरा टोचतंय.”

मागे टाळी वाजली. “अण्णा, दुसरं टोचतंय म्हणते! दुसरं प्लगिन!”

मला अण्णांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझी गाणी त्यांच्या हातून चालली होती.

“थांबा,” मी पाठमोरीच म्हणाले. “एक डाव अजून. आता हात बदला. अण्णा भट्टीवर, भरतेश लॅपटॉपवर.”

यंत्राचा गुण यंत्राचाच असेल तर अण्णांच्याही हातून तो उतरेल, मग पैज बरोबरीत सुटेल, असा माझा हिशेब. अण्णा गप्पच. मी तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाले. तरी गप्प. शेवटी भरतेशनं त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हां, हां. चालतंय की.”

खुर्च्यांची अदलाबदल झाली.

“लॅपटॉप जरा हिकडं फिरव,” अण्णा म्हणाले. “रेघ बघतो.”

“रेघ कशाला? भट्टी कानानं लावायची असते.”

“बघितली तर काय बिघडतंय?”

“मग सगळं भांडण कशासाठी? आक्का, तू सांग.”

पंच म्हणून मला भरतेशचं म्हणणं बरोबर वाटलं. “कानानंच लावा, अण्णा,” मी म्हणाले, आणि तेही भरतेशनं त्यांच्यापर्यंत पोचवलं.

भट्टीचा नॉब पायरीपायरीनं फिरायचा. प्रत्येक पायरीला टक्‌ असा आवाज. कडवं सुरू झालं. टक्‌. बारीक आवाज थोडा उजळला, छान वाटलं. टक्‌. अजून थोडा. आता थांबतील, असं मला वाटलं. टक्‌. कडवं संपून पुन्हा सुरू झालं. टक्‌. टक्‌. माझा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा व्हायला लागला. दात शिवशिवायला लागले. तरी नॉब फिरतच होता. भरतेश एवढ्यात उसळून उठायला हवा होता, पण त्यानं ब्र काढला नाही. शेवटची टक्‌ झाली तेव्हा ‘स’ आला की डोळ्यांतून पाणी यायचं बाकी राहिलं होतं.

“हां,” अण्णा समाधानानं म्हणाले. “आता बघ कसं चोख झालं.”

कडवं तसंच फिरून फिरून वाजत राहिलं.

म्हणजे प्लगिनचा दोष नव्हता, एवढं मला लगेच कळलं. टोचणारं जे काही होतं ते यंत्र बदलल्यावर अण्णांबरोबर पलीकडे गेलं होतं. प्लगिनवर निदान समोर रेघ होती, तिच्या धाकानं ते कुठंतरी थांबत होते. इथं थांबवायला काहीच नव्हतं. आणि ज्याला हे ऐकून समाधान वाटतं त्या माणसाला ऐकू काय येतं, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो तिथंच दाबला.

“छान आहे,” मी म्हणाले. “दोन्ही सारखीच. बरोबरी.”

भरतेशनं गाणं बंद केलं.

“त्रिशला,” अण्णा म्हणाले, “हिकडं तोंड कर.”

मी वळले. ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, जरा खाली.

“आता बोल.”

“छान आहे, अण्णा.”

“तोंडानं छान म्हणतीस. तुझी पाठ तसं म्हणत न्हवती.” ते जरासं हसले. “खांदे कानाला लागलेते तुझे. शेडमधी मागवाल्याचा खांदा वर गेला की मला लांबनं कळायचं, माग बिघडलाय म्हणून. तुझी तर पाठ समोरच होती.”

भरतेश पुढे झाला. आठवडाभर चढलेला त्याचा सूर आता पार उतरला होता. त्यानं गाणं पुन्हा सुरू केलं आणि नॉब हळूहळू मागे आणला.

“अण्णा, मला हितं गोड वाटतंय.”

अण्णांनी मान खाली घालून ऐकलं.

“हितं?”

“हां.”

“हितं तुला शब्द ऐकू येत्यात?”

“येतात की.”

“सगळे?”

“सगळे, अण्णा.”

अण्णांनी आणखी एक कडवं जाऊ दिलं. मग म्हणाले, “मला हितं नुस्ती चाल येती.” त्यांनी आपल्या हातानं नॉब पुन्हा टोकाला नेला. माझे खांदे पुन्हा वर गेले, ते त्यांनी पाहिलं असणार. “हितं आल्यावर शब्द येत्यात. ही काय म्हणती ते कळतंय. मी शब्द येस्तोवर वाढवतोय, बाळ. दुसरं काय करत न्हाई.”

“कधीपासनं?” भरतेशनं विचारलं. विचारताना तो अण्णांच्या समोर आला होता. मला वाटतं, ते त्याच्याही नकळत झालं.

“झाली वर्षं. शेडमधनं घरी बसलो त्याच्या आधीपासनं. पहिल्यांदी चिमण्या गेल्या. मग तुझ्या आईच्या बांगड्या गेल्या. हळूहळू जातंय, कळत न्हाई. शेडमधल्या सगळ्यांचंच जातंय, त्यात सांगण्यासारखं काय हाय?”

“तरी सांगायचं होतं,” मी म्हणाले.

“सांगितलं आस्तं तर तू गाणी घिऊन पुण्याला गेली आस्तीस.”

यावर मला खोटंसुद्धा बोलता आलं नाही. मला हनुवटीखालचा मायक्रोफोन आठवला. ती रंगीत रेघ आठवली. आईनं मागून मारलेल्या हाका आठवल्या, आणि आम्ही हसलो होतो तेही. आणि मी गात असताना माझ्यावर खिळलेली त्यांची ती नजर. मी तिला कौतुक समजत आले होते. कौतुकही असेलच, पण ते माझे ओठ वाचत होते. मला एवढं वाईट वाटलं, की मी उगीचच गादीवरचा कापूस उपटत बसले.

अण्णा उठले. खुर्ची भरतेशकडे ढकलून म्हणाले, “बस.”

“अण्णा, तसं नाही...”

“ठरलं म्हंजे ठरलं. दोन्हीकडं माझंच टोचलं. पन एक कबूल कर. प्लगिनचा दोष न्हवता.”

“नव्हता.”

“तुझ्या भट्टीचापन गुण न्हवता. तुझ्या कानाचा होता.”

भरतेशनं मान हलवली.

“मग आठवडाभर काय म्हणून डोकं खाल्लंस माझं?”

आम्ही तिघंही हसलो. अण्णा जिन्यानं खाली गेले. जाताना भट्टीवरचं दह्याचं भांडं घेऊन गेले.

भरतेश खुर्चीवर बसला आणि सवयीनं त्याचा हात नॉबकडे गेला. मी त्याचा हात धरला.

“तो फिरवू नको.”

“आक्का, हे लोकांना ऐकवणार आहेस?”

“लोकांना वेगळं कर. हे असंच राहू दे. पाचही गाणी अशी एकदा काढून ठेव.”

तो नॉबकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि अण्णांनी जिथं नॉब आणून सोडला होता तिथं पत्र्यावर एक खूण केली.

म्हणून माझ्या त्या पाच गाण्यांच्या दोन प्रती आहेत. लोकांची प्रत भरतेशनं लॅपटॉपवर केली, सगळी प्लगिनवर. भट्टी त्याला दुसऱ्या, अण्णांच्या प्रतीसाठी खुणेवर ठेवायची होती. ती प्रत बऱ्यापैकी गाजली. मध्यंतरी पुण्यातल्या एका गृहस्थांना ती गाणी नव्यानं काढायची होती. भरतेशनं गडबडीत त्यांना दुसरी प्रत पाठवली. त्यांचा फोन आला. गाणी उत्तम, म्हणाले, पण आवाज फार टोचतो हो. प्लगिनवर केलेलं असं लगेच कळतं. जरा हार्डवेअरमधून काढा, ऊब येईल. भरतेश म्हणाला, बरं, काढून पाठवतो. आणि त्यानं प्लगिनवालीच प्रत पाठवली. त्यांचं उत्तर आलं, की आता कसं, यंत्र ते यंत्र.

हे मी गमतीनं सांगते खरं. पण दुसरी प्रत म्हटलं की मला ती पहिल्यांदा वाजली तो दिवस आठवतो.

पुढच्याच सुट्टीचा दिवस होता, माग बंद होते. सकाळी लोकांची प्रत खाली सोप्यात लावली. शेजारचे आले, काकू आली, सगळ्यांनी वाहवा केली. अण्णाही मान डोलवत होते, पण नजर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर. लोकांना कुठं आवडतंय ते बघून तिथं तेही डोलायचे. पाहुणे गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, “अण्णा, आता वर चला.”

माडीवर भरतेशनं भट्टी तापवून ठेवली होती. आई कशाला आली होती कोण जाणे, भांडं न्यायला म्हणाली, पण भांडं त्या दिवशी तिथं नव्हतं. ती दाराशी भिंतीला टेकून बसली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. भरतेशनं नॉब खुणेवर आणला आणि वाजवता वाजवताच प्रत निघावी अशा बेतानं पहिलं गाणं सुरू केलं.

माझा आवाज इतका बोचरा मी कधी ऐकला नव्हता. पहिल्या ओळीलाच आईनं पदर कानावर घेतला. भरतेशनं दात आवळले. अण्णा खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी तोंड बंद खिडकीकडे केलं. आम्ही कुणीच त्यांना दिसत नव्हतो. माझं गाणं चालू असताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, असं पहिल्यांदा घडत होतं.

दुसऱ्या गाण्यात एक नवरा बायकोला घाबरून चहा गाळतो अशी ओळ आहे. खाली सोप्यात त्यावर सगळे हसले होते, आणि ते हसल्यावर मग अण्णा हसले होते. आता अण्णा त्या ओळीवर हसले. एकटेच, खिडकीकडे बघून, आणि बरोबर जागेवर. मी मान खाली घातली, कारण आई माझ्याकडे बघत होती.

तिसरं गाणं संथ होतं, आणि तेच सगळ्यांत बोचत होतं. अण्णा ओठ हलवत होते, शब्दांबरोबर शब्द. मधेच काहीतरी आवडलं म्हणून ते आम्हाला सांगायला वळले, आणि थांबले.

आमचे तिघांचेही खांदे कानांना लागले होते. मी माझे झटकन खाली आणले, पण त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या कानावरच्या पदराकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं मावळलं. ते पुढे वाकले आणि नॉबला हात घातला.

आईनं पदर कानावरून काढला. खांदे सोडले. मग एवढ्या वर्षांनी, त्या शेडमध्ये करायची तसा, उघडा तळहात त्यांच्यासमोर धरला आणि पुढे ढकलला.

अण्णांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हात मागे घेतला आणि पुन्हा रेलून बसले. अजून दोन गाणी शिल्लक होती.